अर्थशास्त्रातली रिसर्च फेलोशिप: पैसे किती, त्याआधी पत्र कोणाचं ते बघा

अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पीएच.डी.ला अर्ज करायचा तर साधारण तीन शिफारसपत्रं लागतात. मार्क लागतात, बऱ्याच ठिकाणी जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागते, स्वतःबद्दलचा निबंध लागतो. पण उत्तम मार्कांचे अर्ज ढिगाने येतात. त्यातून निवड करताना समितीची नजर थांबते ती पत्रांवर, आणि पत्रातही आधी सहीवर. नांदेडच्या किंवा नैरोबीच्या कॉलेजातल्या सरांनी कितीही मनापासून लिहिलं, तरी समितीतल्या कुणी त्यांचं नाव ऐकलेलं नसतं. ‘मुलगा चांगला आहे’ हे मुलाच्या शेजाऱ्याने सांगणं आणि मुलीच्या मामाच्या ओळखीतल्या माणसाने सांगणं यात जो फरक, तोच इथेही. सर खोटं लिहितात असं नाही. त्यांच्या ‘अत्यंत हुशार’चं माप वाचणाऱ्याला ठाऊक नसतं, एवढंच.

विकसनशील देशांतल्या होतकरू अर्थतज्ज्ञांसाठी ज्या रिसर्च फेलोशिप्स असतात, त्यांचं खरं काम ही अडचण सोडवणं हे आहे. आपल्याकडे फेलोशिप म्हटलं की पहिला प्रश्न ‘महिन्याला किती?’ असा येतो. प्रश्न चुकीचा नाही, पोट प्रत्येकाला आहे. पण यातल्या बहुतेक फेलोशिप्स म्हणजे बक्षीस किंवा अनुदान नसून नोकरी असते: एक-दोन वर्षं एखाद्या मुरलेल्या संशोधकाच्या हाताखाली पूर्णवेळ काम. त्या काळात तो संशोधक तुम्हाला रोज बघतो, आणि नंतर लिहितो की ‘आजवर माझ्याकडे जे सहाय्यक आले, त्यात ही पहिल्या दोघांत.’ हे वाक्य वाचणाऱ्याला कळतं, कारण आधीचे सहाय्यक आज कुठे आहेत हे त्याला माहीत असतं.

हे प्रकरण आलं कुठून

पूर्वी अर्थतज्ज्ञाला कागद, पेन्सिल आणि ग्रंथालय पुरायचं. गेल्या पंचवीसेक वर्षांत विषयाचा चेहरामोहरा बदलला. एकीकडे कोट्यवधी लोकांच्या करनोंदी, शाळांचे निकाल, जनगणनेचे तक्ते अशी अवाढव्य आकडेवारी हाताशी आली. दुसरीकडे गावोगावी प्रत्यक्ष प्रयोग करून धोरणं तपासायची पद्धत रुजली: चिठ्ठ्या टाकून काही गावांना योजना द्यायची, काहींना नंतर द्यायची, आणि फरक मोजायचा. याच पद्धतीसाठी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना 2019 मध्ये नोबेल मिळालं. (बॅनर्जींचा जन्म मुंबईचा, आई निर्मला माहेरच्या पाटणकर. आपल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी तेव्हा पुरेपूर छापली.) बॅनर्जी, डुफ्लो आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी 2003 मध्ये एमआयटीत सुरू केलेली जे-पाल ही संस्था आज जगभर असे प्रयोग करते. राज चेट्टी यांनी 2018 मध्ये हार्वर्डला उभी केलेली ऑपॉर्च्युनिटी इनसाइट्स ही पहिल्या प्रकारची, म्हणजे आकड्यांच्या डोंगरावर काम करणारी.

दोन्ही प्रकारांना माणसं लागतात, आणि बरीच लागतात. प्राध्यापक एकटा बसून दहा हजार कुटुंबांची मुलाखत घेऊ शकत नाही, की लाखो ओळींची फाईल साफ करू शकत नाही. म्हणून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतात तसे सहाय्यक अर्थशास्त्रातही आले. पीएच.डी.च्या आधी करायचं काम म्हणून त्याला ‘प्रीडॉक’ हे नाव पडलं. काम करणारा तो आर.ए., म्हणजे रिसर्च असिस्टंट किंवा असोसिएट. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, शिकागो, येल या सगळ्यांकडे आता प्रीडॉकच्या जागा निघतात.

सोय म्हणून सुरू झालेली गोष्ट बघता बघता अट होऊन बसली. वरच्या विद्यापीठांत प्रवेश मिळवणाऱ्यांमध्ये प्रीडॉक केलेले इतके दिसू लागले की न केलेल्याला आपलं काही चुकलं असं वाटायला लागलं. मला यात एक अन्याय दिसतो. बी.ए., एम.ए., मग दोन वर्षं प्रीडॉक, मग पाच-सहा वर्षं पीएच.डी. हा हिशेब ज्याच्या घरी पुढच्या महिन्याच्या हप्त्याची चिंता आहे त्याला परवडत नाही. बोस्टनमधल्या प्रीडॉकचा पगार रुपयांत मोठा दिसतो, पण त्यातला मोठा वाटा तिथलं घरभाडंच खातं. बाहेरच्यांना आत घेण्यासाठी उघडलेल्या दाराला नवा उंबरठा लागला तो असा.

जागतिक बँकेतले आठ महिने

विकसनशील देशांतल्या मुलांसाठीच असलेल्या फेलोशिप्समध्ये रॉबर्ट मॅक्नमारा यांच्या नावाची जागतिक बँकेची फेलोशिप ठळक आहे. मॅक्नमारा हे 1968 ते 1981 बँकेचे अध्यक्ष. त्याआधी ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री होते, आणि व्हिएतनामचं युद्ध आकडेमोडीने जिंकता येईल असं मानणाऱ्यांतले म्हणून त्यांची आजही आठवण काढली जाते. आकडे कसे फसवतात हे शिकवणाऱ्या फेलोशिपला त्यांचं नाव असावं, हा योगायोग मला नेहमी गमतीचा वाटतो.

फेलोशिपचं स्वरूप साधं आहे. निवड झालेल्याने वॉशिंग्टनला जायचं आणि आठ महिने बँकेच्या डेव्हलपमेंट इकॉनॉमिक्स विभागातल्या संशोधकांबरोबर काम करायचं. अर्थशास्त्र किंवा जवळच्या विषयातली पदव्युत्तर पदवी हवी किंवा पीएच.डी. चालू असावी, आणि वयाची मर्यादा 35. बँकेच्या सदस्य देशांतले नागरिक अर्ज करू शकतात. त्यातही गरीब देशांतल्यांकडे विशेष लक्ष दिलं जातं. मालावी किंवा नेपाळमधल्या मुलीचं पारडं इथे भारतातल्या मुलापेक्षा थोडं जड असू शकतं, आणि ते योग्यच आहे. आपल्याकडे निदान दिल्लीचं स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, भारतीय सांख्यिकी संस्था, मुंबईत गोरेगावची रिझर्व्ह बँकेने स्थापलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्यातली 1930 पासूनची गोखले संस्था हे सगळं आहे. कित्येक देशांत यातलं एकही नाही.

आठ महिन्यांत स्वतःचं संशोधन पूर्ण होत नाही. तशी कोणाची अपेक्षाही नसते. दुसऱ्याच्या चालू प्रकल्पात शिरायचं, त्याची आकडेवारी ताब्यात घ्यायची, तक्ते काढायचे, मसुद्यातल्या चुका शोधायच्या. ज्यांना ‘माझी कल्पना, माझा शोधनिबंध’ याची घाई असते त्यांची इथे निराशा होते.

हेलसिंकीची युनू-वायडर ही संयुक्त राष्ट्र विद्यापीठाची संस्था वेगळ्या टप्प्यावरच्या लोकांना बोलावते. पीएच.डी.ला आधीच नाव नोंदवलेल्यांना ती तीन महिन्यांसाठी पाहुणे फेलो म्हणून घेते, आणि गरीब व मध्यम देशांतल्या विद्यार्थ्यांना प्राधान्य देते. स्वतःच्या प्रबंधाचं एक प्रकरण घेऊन जायचं आणि तिथल्या संशोधकांसमोर मांडून दुरुस्त करून आणायचं. पुण्यात किंवा मुंबईत पीएच.डी. करणाऱ्याने याकडे अवश्य बघावं. तीन महिन्यांची रजा गाईडकडून मिळवणं बहुतेक फेलोशिप मिळवण्याइतकंच अवघड जातं, हे खरं.

आफ्रिकेने यावर स्वतःचा तोडगा काढला आहे. नैरोबीतली आफ्रिकन इकॉनॉमिक रिसर्च कन्सॉर्शियम ही संस्था 1988 पासून आफ्रिकेतल्या संशोधकांना आफ्रिकेतच संशोधनासाठी पैसा, प्रशिक्षण आणि एकमेकांची संगत देते. अनेक विद्यापीठांनी मिळून एक पीएच.डी. अभ्यासक्रम चालवायचा ही तिची कल्पना, कारण एकेका विद्यापीठाकडे पुरेसे प्राध्यापक नव्हते. ब्रिटनच्या ओडीआय या संस्थेची योजना याच्या बरोबर उलटी आहे. 1963 पासून ती तरुण अर्थतज्ज्ञांना दोन वर्षांसाठी गरीब देशांच्या सरकारी खात्यांत कामाला पाठवते. तिथे शिकायला मिळतं ते मंत्रालयातल्या फायलींतून, सॉफ्टवेअरमधून नाही.

काम म्हणजे नेमकं काय: एक एकर वीस गुंठे

आर.ए. दिवसभर काय करतो हे लांबून समजत नाही, म्हणून एकच उदाहरण जरा जवळून बघू.

समजा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांचा सर्वे चालू आहे. सर्वेअरच्या हातात टॅब, प्रश्न आहे: ‘तुमच्याकडे जमीन किती?’ शेतकरी म्हणतो, ‘एक एकर वीस गुंठे.’ सर्वेअर टॅबवर टाइप करतो 1.20. संध्याकाळी फाईल सर्व्हरवर येते. सॉफ्टवेअरला गुंठा ठाऊक नाही. त्याच्या लेखी हे एक पूर्णांक दोन दशांश एकर, म्हणजे एक एकर आठ गुंठे. खरं तर चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणून एक एकर वीस गुंठे म्हणजे दीड एकर. आता या शेतकऱ्याला बारा क्विंटल सोयाबीन झालं असेल, तर एकरी उतारा खरा आठ क्विंटल, आणि फाईलप्रमाणे दहा. एका टिंबाने उत्पादन पंचवीस टक्के वाढलं. असे हजार शेतकरी असतील तर ‘लहान शेतकरी जास्त पिकवतो’ असा भलताच निष्कर्ष निघू शकतो आणि तो परिषदेत वाचलाही जाऊ शकतो.

चांगला आर.ए. हे पकडतो कसं? तो सगळ्या उत्तरांमधले टिंबानंतरचे आकडे वेगळे काढून त्यांचा तक्ता करतो. .10, .20, .30 भरपूर; .39 च्या पुढे जवळपास काहीच नाही. खरे दशांश असते तर .50 आणि .75 दिसलेच असते, कारण अर्धा आणि पाऊण एकर असणारे लोक थोडे नाहीत. चाळिशीच्या आत सगळे आकडे दबलेले दिसले की समजायचं, गुंठे आहेत. मग दुसरी पंचाईत. काहींनी सातबारा बघून आकडा सांगितलेला असतो, आणि सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. शंभर आरचा हेक्टर, म्हणजे तिथे टिंब खरोखरच दशांशाचं. आणि एक आर जवळपास एका गुंठ्याएवढाच, त्यामुळे गोंधळाला वाव भरपूर. एकाच रकान्यात दोन मापं आणि त्यांची तीन वाचनं.

यावर उपाय खोलीत बसून सापडत नाही. फील्ड टीमला फोन लावायचा, कोणत्या सर्वेअरने कसं लिहिलं ते विचारायचं, साधारण दहा टक्के घरी पुन्हा माणूस पाठवून तोच प्रश्न विचारायचा (या कामाला ‘बॅकचेक’ म्हणतात), आणि पुढच्या फेरीत प्रश्नाची दोन खणांत वाटणी करायची: एकर वेगळे, गुंठे वेगळे. शेवटी जे केलं ते कोडमध्ये टिपणासकट लिहून ठेवायचं, म्हणजे दोन वर्षांनी कुणी विचारलं तर उत्तर सापडेल.

नांदेडसारख्या ठिकाणाहून आलेल्या मुलीचं पारडं इथे जड ठरतं. एमआयटीत बसलेल्या हुशार सहाय्यकाला .39 ची भिंत दिसेलही, पण ती कशाची आहे हे त्याला विचारावं लागेल. तिला ते बघताक्षणी कळेल. फील्डवरच्या जागांच्या जाहिरातीत ‘स्थानिक भाषा येणाऱ्यास प्राधान्य’ असं लिहिलेलं असतं, ते उगीच नाही.

याची एक कडवट बाजूही सांगायला हवी. बऱ्याच प्रकल्पांत कामाची विभागणी अशी होते की स्थानिक मुलं धुळीत राहून माहिती गोळा करतात आणि तिचं विश्लेषण परदेशातले सहाय्यक करतात. शोधनिबंध छापून येतो तेव्हा पहिल्यांची नावं तळटीपेतल्या आभारांत येतात. म्हणून फील्डची जागा स्वीकारताना मुलाखतीतच विचारून घ्यावं: विश्लेषणाचं काम मिळेल का? मुख्य संशोधकांशी थेट बोलणं किती वेळा होईल? हे विचारणं उद्धटपणाचं मानलं जात नाही. उलट, ज्याला पुढे पीएच.डी. करायची आहे त्याने न विचारलं तरच नवल. कारण ज्याने तुमचं काम पाहिलंच नाही, तो पत्रात काय लिहिणार?

निवड कशी होते

सुरुवातीला बायोडेटा, मार्कलिस्ट, एक-दोन पानांचं पत्र आणि संदर्भासाठी दोन नावं मागतात. कधी स्वतः लिहिलेल्या कोडचा नमुनाही. त्यातून पुढे गेलेल्यांना ‘डेटा टास्क’ मिळतो. हीच खरी चाळणी. दोन-तीन फाईली आणि काही प्रश्न ईमेलने येतात, काही तासांची किंवा एक-दोन दिवसांची मुदत असते. फाईली जोडा, चुका शोधा, एक आलेख काढा, निष्कर्ष एका पानात लिहा.

फाईलींत खोड्या मुद्दाम पेरलेल्या असतात. एकाच कुटुंबाची दोनदा नोंद, वयाच्या जागी 999, जिल्ह्यांच्या नावांची वेगवेगळी स्पेलिंग. महाराष्ट्राच्या आकड्यांवर काम केलेल्याला हे नवीन नाही. 2011 च्या जनगणनेत राज्याचे 35 जिल्हे आहेत, पालघर नाही, कारण तो ठाण्यातून 2014 मध्ये वेगळा झाला. बीडचं इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारचं. उस्मानाबाद कुठे धाराशिव झालेलं, कुठे नाही. नावावरून फाईली जोडल्या की निम्मा मराठवाडा गळून पडतो आणि संगणक काही तक्रार करत नाही. जोडणीनंतर किती ओळी जुळल्या, किती सुटल्या हे मोजून उत्तरात लिहिणारा उमेदवार वरच्या थरात जातो, मग त्याचा आलेख दिसायला साधा का असेना. अवघड सूत्रं वापरून छाप पाडायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तपासणाऱ्याला त्यात रस नसतो. या माणसाच्या हातात माझी आकडेवारी दिली तर मला रात्री झोप लागेल का, एवढंच तो बघत असतो.

पत्रातही तसंच. ‘लहानपणापासून मला गरिबी निर्मूलनाची आवड आहे’ अशा वाक्याने शेकडो पत्रं सुरू होतात. त्यापेक्षा एम.ए.च्या प्रबंधात आकडे कुठून आणले, त्यात काय अडचण आली आणि ती कशी सोडवली, हे चार ओळींत लिहिलेलं जास्त वाचलं जातं.

तयारी, आणि कुठून सुरुवात करावी

माझं मत स्पष्ट आहे: वॉशिंग्टनपासून सुरुवात करू नये, भारतातूनच करावी. जे-पालचं दक्षिण आशियाचं काम इथून चालतं आणि वर्षभर जागा निघत राहतात. योजनांचा परिणाम तपासणाऱ्या आयडीइनसाइटसारख्या संस्था आहेत. देशातल्या संशोधन संस्थांमधले प्राध्यापकही प्रकल्पापुरते सहाय्यक घेतात. या जागांना व्हिसा लागत नाही, आणि इथल्या प्रकल्पांचे मुख्य संशोधक बऱ्याचदा त्याच परदेशी विद्यापीठांतले असतात. पत्रावर सही तीच, प्रवास कमी.

व्हिसाचा मुद्दा हलका नाही. अमेरिकन विद्यापीठांतल्या काही प्रीडॉक जागा परदेशी नागरिकांना व्हिसा देतात, काही देत नाहीत, आणि जाहिरातीत ते बारीक अक्षरांत असतं. अर्ज लिहायला बसण्याआधी ती ओळ शोधावी. जागतिक बँकेसारख्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांसाठी जी-4 हा वेगळा व्हिसा असतो, त्यामुळे तिथे हा त्रास तुलनेने कमी.

कौशल्यांमध्ये गणित पहिलं. लिनिअर अल्जिब्रा, संभाव्यता, आणि पीएच.डी.चा विचार असेल तर रिअल अ‍ॅनालिसिस. आपल्या बहुतेक विद्यापीठांच्या बी.ए.त यातलं फारसं येत नाही, ते स्वतः भरून काढावं लागतं. मग कोडिंग. या क्षेत्रात स्टाटा हे सॉफ्टवेअर फार वापरतात, पण त्याचा परवाना महाग. आर आणि पायथन या संगणकाच्या भाषा फुकट आहेत, आणि एक भाषा नीट आली की दुसरी पटकन येते. एमआयटी आणि जे-पालचा ऑनलाइन मायक्रोमास्टर्स अभ्यासक्रम उपयोगी आहे. त्याची परीक्षा फी उत्पन्नानुसार ठरते, आणि नुसती व्याख्यानं ऐकायची तर पैसे लागत नाहीत.

सरावासाठी आकडेवारी विकत घ्यायची गरज नाही. केंद्र सरकारच्या रोजगार सर्वेक्षणाची, म्हणजे पीएलएफएसची, 2017-18 पासूनची घरनिहाय फाईल मोफत मिळते. भारतातल्या गावागावांची माहिती अनेक जनगणनांमधून जुळवून ठेवलेला ‘श्रग’ नावाचा संच डेव्हलपमेंट डेटा लॅबने खुला ठेवला आहे. त्यात गावांचे आणि जिल्ह्यांचे बदल आधीच जुळवलेले आहेत. आपल्या तालुक्याची माहिती काढावी, एक साधा प्रश्न घ्यावा, चार पानं लिहावीत. हाच पुढे लेखनाचा आणि कोडचा नमुना होतो.

देशातच पीएच.डी. करायची असेल तर वाट वेगळी. तिथे नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही फेलोशिप मोठा आधार: 2023 पासून पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000 रुपये, पुढे एसआरएफ (सीनियर फेलो) म्हणून 42,000, शिवाय घरभाडं. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्था त्या त्या समाजातल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना फेलोशिप देतात. जागा किती आणि पैसे वेळेवर का नाहीत यावरून विद्यार्थ्यांना आंदोलनंही करावी लागली आहेत. या सगळ्या फेलोशिप्स पैसे देतात. गाईड आणि पत्र हे मात्र ज्याचं त्याने बघायचं.

अकरा पौंड दहा शिलिंग

आता थोडं मागे जाऊ, कारण या सगळ्याची एक फार जवळची आणि पूर्ण नोंदलेली गोष्ट आपल्याकडे आहे. 1913 मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एका तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी मंजूर केले. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्रज्ञ झाले ते या पैशावर. कोलंबियात एडविन सेलिग्मन हे सार्वजनिक वित्ताचे नावाजलेले प्राध्यापक त्यांना लाभले. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचा प्रश्न आला तेव्हा याच सेलिग्मननी तिथल्या प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना त्यांच्यासाठी पत्र लिहिलं.

शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. बडोद्यात कराराप्रमाणे नोकरीला गेले, तर राहायला जागा कुणी देईना. नोकरी सुटली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, त्यातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले उसने पैसे, असं जमवून 1920 मध्ये ते पुन्हा लंडनला पोचले. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली.

आजच्या अर्जदाराला यातल्या कितीतरी गोष्टी ओळखीच्या वाटतील. मुदत संशोधनापेक्षा आधी संपते. करार कागदावर सोपा आणि प्रत्यक्षात अवघड असतो. आणि मधल्या काळाचे पैसे कुणीच देत नाही.

दुसरं उदाहरण कॅरिबियन बेटांतलं. सेंट लुशियाच्या आर्थर लुईस यांना इंजिनिअर व्हायचं होतं. पण वसाहतीचं सरकार काय किंवा उसाचे मळेवाले काय, काळ्या इंजिनिअरला नोकरी कुणीच देणार नव्हतं. 1932 मध्ये सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. गरीब देशांचा विकास कसा होतो यावरच्या कामासाठी 1979 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. गरिबीवरचं अर्थशास्त्र गरीब देशांतून आलेल्यांनी लिहिलं की प्रश्नच वेगळे पडतात, याला माझ्याकडे याहून चांगला दाखला नाही. शेतीत गरजेपेक्षा जास्त हात राबत असतात, त्यांचं काय होतं, हा लुईस यांचा प्रश्न लहान बेटावर वाढलेल्याला सुचणं स्वाभाविक होतं.

काही सावधगिरीच्या गोष्टी

फेलोशिपसाठी अर्जाची फी, ‘प्रोसेसिंग चार्ज’ किंवा अनामत मागणारा कुणीही असो, तिथेच थांबावं. वर सांगितलेल्यांपैकी कुणी संशोधक घेताना पैसे मागत नाही. पीएच.डी.च्या अर्जांना मात्र फी असते, विद्यापीठामागे साधारण शंभर डॉलरच्या आसपास. दहा अर्ज केले तर रक्कम लाखाच्या घरात जाते. बरीच विद्यापीठं गरजूंना ती माफ करतात, पण मागावं लागतं, आणि शेवटच्या तारखेच्या बरंच आधी मागावं लागतं. आफ्रिकेतल्या अर्जदारांना या सगळ्यात हात धरून नेणारं गेन नावाचं मार्गदर्शकांचं जाळं आहे. आपल्याकडे हे काम अजून बहुतेक सीनियर मुलं-मुलीच व्हॉट्सअ‍ॅपवर करतात, आणि बऱ्यापैकी करतात. ज्या संस्थेत अर्ज करायचा आहे तिथल्या सध्याच्या आर.ए.ला दोन नेमके प्रश्न विचारणारा ईमेल पाठवला तर उत्तर येण्याची शक्यता चांगली असते. ‘मला मार्गदर्शन करा’ एवढंच लिहिलेल्या ईमेलला येत नाही.

अमेरिकेतल्या पीएच.डी.च्या मुदती बहुतेक डिसेंबरात संपतात. म्हणजे पत्र देणाऱ्यांना दिवाळीच्या आधी सांगायला हवं, सोबत आपला बायोडेटा, विद्यापीठांची यादी आणि आपण त्यांच्याकडे कोणकोणतं काम केलं याचं अर्ध्या पानाचं टिपण द्यायला हवं. प्राध्यापक विसरतात. एक आठवडा आधी आठवण केलेली त्यांना आवडते, आदल्या रात्री केलेली नाही.